घरातलं माणूस गेल्यानंतरचा पहिला पाडवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षभरात घरात कोणी गेलेलं असलं की चैत्राची चाहूल लागताच दोन प्रकारचे प्रश्न सुरू होतात. गुढी उभारायची का, गोड करायचं का, आईने पूजा केली तर चालेल का, हे पहिले. सातबाऱ्यावर नाव कधी चढवायचं, बँकेचं काय, सालगडी (वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी) ठेवायचा की शेत बटईने (पिकाच्या वाट्यावर) द्यायचं, हे दुसरे. बहुतेक घरांत पहिल्या प्रश्नांवर भावकी बसते आणि दुसऱ्यांना ‘वर्ष तर होऊ दे’ म्हणून बाजूला सारलं जातं. आमचं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. रिवाजात मोकळीक पुष्कळ आहे, कागदांच्या मुदती मात्र वर्षश्राद्धाची वाट पाहत नाहीत.

पहिल्या वर्षी गुढी उभारायची की नाही?

सूतक आणि दुखवटा यांत गल्लत होते, ती आधी सोडवू. सूतक साधारण दहा दिवसांचं. दहाव्याला दशक्रिया, बाराव्याला सपिंडी, तेराव्या-चौदाव्याला गोडाचं जेवण झालं की घर शुद्ध झालं असं मानतात. पाडवा या दिवसांत आला तर गुढी नाही, यावर फारसं दुमत नसतं. लग्न झालेल्या मुलीला आई-वडिलांचं सूतक तीन दिवसांचं, त्यामुळे तिच्या सासरी गुढी अडत नाही.

पुढचे अकरा-साडेअकरा महिने ‘सण धरायचा नाही’ हा रिवाज आहे आणि तो गावागणिक, घरागणिक बदलतो. कुठे पहिल्याच सणाला सोयरे येतात, टॉवेल-टोपी, साडी-चोळी करतात, सोबत आणलेलं गोड खाऊ घालतात आणि दुखवटा काढतात. त्यानंतर सगळे सण नेहमीसारखे. कुठे दिवाळीचा फराळ घरी तळत नाहीत, नातेवाईक डबे पाठवतात. कुठे वर्षश्राद्ध होईपर्यंत दाराला तोरणही लागत नाही. यातलं एक बरोबर आणि बाकी चूक असं काही नाही. घरातल्या ज्येष्ठ माणसाला, विशेषतः जोडीदार गमावलेल्याला, काय झेपेल ते विचारा आणि तेच धरा. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गुढी टाळू नका आणि त्याच धास्तीने उभारूही नका.

मधला मार्ग काय?

साधी गुढी. नेहमीचीच काठी आणि तांब्या, पण भरजरी साडीऐवजी धुतलेलं साधं वस्त्र, कडुलिंबाचा डहाळा, फुलांची एक माळ. साखरेची गाठी ऐच्छिक. दारात मोठी रांगोळी नको वाटली तर गुढीपुढे चार ठिपके पुरतात. सूर्यास्ताआधी हळद-कुंकू वाहून उतरवायची.

गुढी अजिबात नको असेल तर दिवसाचे दोन भाग तसेही करता येतात: सकाळी कडुलिंबाचा प्रसाद आणि नंतर पंचांगवाचन. दोन्हीला कसलाही थाटमाट लागत नाही.

प्रसादाचं प्रमाण चार माणसांना असं: कडुलिंबाची दहा-बारा कोवळी, तांबूस पानं आणि मिळाला तर मूठभर फुलोरा, चार तास भिजवलेली हरभऱ्याची डाळ दोन चमचे, गूळ दोन चमचे, जिरं अर्धा चमचा, ओवा पाव चमचा, चिमूटभर हिंग, दोन मिरे, मीठ आणि चिंचेचं लहानसं बुटूक. सगळं एकत्र वाटून माणशी एक चमचा. प्रसाद तोंडात धरवत नाही याचं कारण बहुतेकदा जून पानं. हिरवीगार, रुंद झालेली पानं घेतली की गूळ दुप्पट घातला तरी कडवटपणा हटत नाही. शेंड्याची पानं खुडायची.

आमचं माणूस पाडव्याच्याच दिवशी गेलं. आता या घरात पाडवा कायमचा वर्ज्य का?

अशी समजूत बऱ्याच घरांत आहे. सणाच्या दिवशी मृत्यू झाला की तो सण बंद, आणि पुढे कधी त्याच दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गाय व्याली तरच तो सुटतो. ही लोकसमजूत आहे. ती मोडायची तर पुढच्या वर्षी घरातल्या सगळ्यांनी मिळून मोडावी, एकट्या सुनेवर ढकलू नये.

व्यावहारिक अडचण निराळी: दरवर्षी श्राद्धाची तिथीही चैत्र शुद्ध प्रतिपदाच येणार. पण पाडवा सूर्योदयाच्या तिथीवर ठरतो आणि श्राद्धाची तिथी अपराह्णकाळावर, म्हणजे ढोबळमानाने दुपारी दीड ते चारच्या सुमारास कोणती तिथी आहे त्यावर. प्रतिपदा आदल्या दिवशी सकाळी दहाला लागून पाडव्याच्या सकाळी संपत असेल तर श्राद्ध आदल्या दिवशीच येतं. दोन्ही एकाच दिवशी आले तर गुढी सकाळी आणि श्राद्ध दुपारी, असं करणारी घरं आहेत. दर वर्षीचं पंचांग पाहून आधी ठरवा, आयत्या वेळी गुरुजींना फोन करून गोंधळ वाढतो.

वर्षश्राद्ध नेमकं कधी? अधिक महिना आला तर?

तारखेने नव्हे, तिथीने. शके १९४८ (२०२६-२७) मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून २०२६. त्यामुळे २०२६च्या चैत्रात गेलेल्या माणसाचं वर्षश्राद्ध २०२७च्या चैत्रात, म्हणजे तेरा चांद्रमासांनी येईल. २०२६चा पाडवा १९ मार्चला आणि २०२७चा ७ एप्रिलला, हा फरक त्याचाच. मंगल कार्यालय, गावची गाडी, परदेशातल्या मुलांची तिकिटं तारखेच्या हिशेबाने आधीच काढून ठेवली की इथे फसगत होते.

घरात लग्न ठरलेलं असेल तर वर्षाचे विधी आधी उरकून घेण्याची सोय आहे, आणि ती सर्रास वापरली जाते.

खानदेशात पाडव्यापेक्षा आखाजीचा दिवस जड जातो. अक्षय्य तृतीयेला पितरांची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, सांजोरी आणि आंब्याचा रस करतात. वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावाने पहिली घागर भरताना लेकी माहेरी येतात. नोकरीच्या गावी राहणाऱ्यांनी रजा पाडव्याला घालवण्यापेक्षा आखाजीसाठी राखलेली बरी.

वडील गेले. आईने गुढीची पूजा केली तर चालेल का?

चालेल. तिने गुढी उभारली तरी चालेल, कुंकू लावलं तरी चालेल, गजरा माळला तरी चालेल. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं.

पण ठरावाने हात पुढे होत नाहीत. सण सुरू झाला की आई आपणहून स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहते, हे दृश्य ओळखीचं आहे. तिथे ‘ये ना गं’ म्हणून भागत नाही. आदल्या दिवशीच तिला काम वाटून द्या: तांब्या घासणं, डहाळा बांधणं, पहिलं फूल वाहणं. आलेल्या बायकांना हळदी-कुंकू लावताना थोरल्या सुनेने किंवा लेकीने आईपासून सुरुवात करावी. शेजारची एखादी काकू नाक मुरडेल, मुरडू दे. मात्र आईनेच नको म्हटलं तर तिच्यावर सुधारणा लादू नका. तिचा नकार या वर्षापुरता असू शकतो. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

कागदपत्रांत सगळ्यात आधी काय?

मृत्यूचा दाखला. नोंद २१ दिवसांत करायची असते. त्यानंतर विलंब शुल्क आणि परवानग्या लागतात, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. ‘वर्ष होऊ दे’ म्हणणाऱ्यांना सगळ्यात महाग पडते ती हीच गोष्ट.

दाखला हातात आला की आधी नाव वाचा. आधारवर ‘रामचंद्र’, सातबाऱ्यावर ‘रामभाऊ’, बँकेत ‘आर. जी.’ आणि दाखल्यावर चौथंच काही, असं असेल तर दहा ठिकाणी दहा वेळा अडणार. दाखल्यातली चूक जन्म-मृत्यू निबंधकाकडून आधी दुरुस्त करून घ्या, मगच प्रती काढा. उरलेल्या फरकासाठी ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. दाखल्याच्या दहा-बारा प्रमाणित प्रती एकदमच घ्या.

सातबाऱ्यावर वारस नोंद कशी होते? नोंद झाली की जमीन वाटली गेली का?

वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आताचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) अर्ज करायचा. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं, वय, नातं आणि पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा). वारसांची चौकशी गाव नमुना ६-क या नोंदवहीत, फेरफार (नावबदलाची नोंद) नमुना ६ मध्ये. संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

बिघडतं ते बहुतेक वेळा वारसांच्या यादीत. बहिणींची नावं वगळली जातात, ‘त्या काही मागणार नाहीत’ म्हणून. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. दुसरी विसरलेली वारस म्हणजे आजी. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष गेला तर त्याची आई, पत्नी, मुलगे आणि मुली या सगळ्या पहिल्या वर्गातल्या वारस. वडील मात्र त्या वर्गात नाहीत. आजी हयात असून तिचं नाव गाळलं तर नोंद पुढे आव्हानात सापडते.

वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. सगळ्यांची नावं सामाईक लागतात, एवढंच. कोणाला हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं लागतं. आणि इथे आमचं ठाम मत आहे: हक्कसोडपत्रावर पहिल्या वर्षात कोणाची सही घेऊ नये. दशक्रियेला जमलेल्या बहिणींना ‘आलाच आहात तर’ म्हणून निबंधक कार्यालयात नेणं उघड जबरदस्ती नसेल, पण पुढची वीस वर्षं माहेरचं दार बंद करायला तेवढं पुरतं.

नोंद रखडली की पीक विमा, अतिवृष्टीचं अनुदान, नवं पीक कर्ज सगळं मृताच्या नावावर अडकतं. पीएम किसानचे हप्ते मृत्यूनंतरही खात्यात येत राहिले तर ते परत करावे लागतात. वारसाने स्वतःच्या नावाने नव्याने नोंदणी करायची असते.

बँकेत नॉमिनी मीच आहे. म्हणजे पैसे माझेच ना?

नाही. बँकेसाठी नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त. ते वारसांना त्यांच्या वाट्याप्रमाणे पोचवायचे असतात. सोसायटीतल्या घराचंही तसंच, नॉमिनीला सभासदत्व मिळतं ते तात्पुरतं. आयुर्विम्यात मात्र पती, पत्नी, आई-वडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते.

मृत्यूनंतर एटीएम कार्ड किंवा यूपीआय वापरून पैसे काढू नका. औषधाच्या दुकानाची उधारी भागवायला म्हणून काढलेले वीस हजारही पुढे भावाभावांत हिशेबाचा विषय होतात आणि बँकही विचारते. दावा पूर्ण कागदांनिशी दिला की बँकेने पंधरा दिवसांत निकाली काढायला हवा. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.

आपल्याला माहीत नसलेला विमा आहे का, हे कसं शोधायचं?

पासबुक भरून घ्या आणि मे-जूनच्या पानांवर बोट फिरवा. ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना: कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख. २० रुपये दिसले तर सुरक्षा विमा योजना: अपघाती मृत्यूला दोन लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. खातं बंद करण्याआधी हे पाहायचं, नंतर पासबुक मिळणं जिकिरीचं होतं. जीवन ज्योतीत ज्या वर्षी नव्याने नाव घातलं त्याच्या पहिल्या तीस दिवसांत अपघाताशिवाय मृत्यू झाला तर दावा मिळत नाही.

नोकरीत असताना गेलेल्यांच्या घरच्यांनी भविष्य निर्वाह निधीचे तीन अर्ज एकत्र द्यायचे: फॉर्म २० निधीसाठी, १०-डी निवृत्तिवेतनासाठी आणि ५-आयएफ विम्यासाठी. हा तिसरा लोक विसरतात, आणि त्यात सात लाखांपर्यंत रक्कम असू शकते.

शेतकरी कुटुंबात अपघाती मृत्यू, सर्पदंशही त्यात धरतात, झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांत. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपये, आणि उत्पन्नाच्या निकषात बसणाऱ्या विधवेला संजय गांधी निराधार योजनेचं मासिक अनुदान. दोन्ही तहसील कार्यालयात.

पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं. शेती बघणारंच माणूस गेलं, आता?

मराठवाडा-विदर्भातल्या घरांपुढे हा प्रश्न दुखवट्याहून लवकर उभा राहतो, कारण गडी पाडव्यानंतर थांबत नाही, दुसरीकडे साल धरतो. पाडव्याच्या पंधरा दिवस आधी त्याच्याशी बोला. जुन्या सालाची उचल (आगाऊ रक्कम) किती दिली, किती फिटली, धान्य किती ठरलं होतं, हे गेलेल्या माणसाच्या डोक्यात होतं, वहीत नव्हतं. गड्याकडून ऐका, एका पानावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या. त्याने चार हजार जास्त सांगितले असं वाटलं तरी पहिल्या वर्षी ओढाताण करू नये. कोणत्या धुऱ्यावर पाणी तुंबतं आणि मोटार कधी कुरकुरते हे आता त्यालाच ठाऊक आहे.

साल धरणं झेपत नसेल तर बटई किंवा मक्ता. बटईत बी, खत, फवारणी कोणाची आणि मालाची वाटणी मळणीआधी की नंतर, हे आधी ठरलं नाही तर भांडण ठरलेलं. मक्त्यात रक्कम ठोक, जोखीम त्याची. विधवा स्त्री एकटी असेल तर आम्ही मक्ता सुचवू, निम्मे पैसे पेरणीआधी. काहीही केलं तरी करार एका वर्षाचाच, लेखी, गट क्रमांक आणि क्षेत्रासकट.

गावच्या सहकारी सोसायटीच्या खरीप पीक कर्जाच्या परतफेडीची मुदत बहुतेक ठिकाणी ३१ मार्च असते. व्याज सवलत हवी तर ती तारीख महत्त्वाची. कर्जाचा बोजा वारसांवर येतो तो मिळालेल्या मालमत्तेपुरताच, स्वतःच्या कमाईतून फेडण्याची सक्ती नसते. पण जामीनदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी.

प्राप्तिकराचं विवरणपत्र मृतासाठीही भरावं लागतं?

उत्पन्न मर्यादेच्या वर असेल तर हो. १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचं उत्पन्न मृताच्या पॅनवर, कायदेशीर वारसाने पोर्टलवर नोंदणी करून भरायचं. त्यानंतरचं व्याज-भाडं ज्याच्याकडे गेलं त्याच्या उत्पन्नात. परतावा खात्यात जमा होईपर्यंत पॅन परत करू नका आणि ते बँक खातंही बंद करू नका.

त्यांचा मोबाईल बंद करू का?

निदान वर्षभर नको. बँक, विमा, आधार सगळीकडे तोच नंबर आहे आणि येणाऱ्या संदेशांवरूनच विसरलेली खाती सापडतात. साधा रिचार्ज चालू ठेवा, कारण नव्वद दिवस वापर नसेल तर सिम बंद होऊन नंबर दुसऱ्याला जाऊ शकतो. व्हॉट्सॲप खातं १२० दिवस निष्क्रिय राहिलं तर पुसलं जातं, म्हणून फोटो आणि आवाजाचे संदेश आधीच दुसरीकडे उतरवून घ्या. आलेला ओटीपी वापरून व्यवहार मात्र करायचा नाही.

मुलं परदेशात आहेत. त्यांच्या सह्यांचं काय?

मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपोस्टिल (तिथल्या सरकारचं प्रमाणन) करून पाठवता येतं. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, ही पायरी वगळली की निबंधक ते परत करतो. मुखत्यारपत्रात गट क्रमांक, खाते क्रमांक आणि नेमकी कामं लिहा. ‘सर्व व्यवहार करण्यास’ असं मोघम लिहिलेलं अनेक बँका मानत नाहीत, आणि मानू नये हेच बरं.

नवं वर्ष म्हणून काही ठरवायचं आहे, पण मन लागत नाही. बेत कुठून सुरू करावा?

संकल्पांपासून नको. गेलेलं माणूस घरात काय काय करायचं, त्याची यादी करा. वीजबिल कोण भरायचं, गॅसची नोंदणी कोणाच्या नावावर, आजीच्या गोळ्या संपायच्या आत कोण आणायचं, शाळेची फी, गाडीचा विमा, कुलदैवताची वर्गणी, भाच्याच्या लग्नाला कोण जायचं. ही यादी एका बैठकीत पुरी होत नाही. आठवडाभर फ्रिजवर कागद लावून ठेवा, आठवेल तसं भरा. मग प्रत्येक कामापुढे एक नाव. सगळी कामं एकाच माणसाच्या, बहुधा थोरल्या मुलाच्या किंवा घरी राहणाऱ्या सुनेच्या, नावापुढे जमली तर पुन्हा वाटा.

बेत तीन महिन्यांचाच करा, पाडवा ते आषाढ. घर विकणं, गावचं बिऱ्हाड मोडणं, विम्याच्या पैशांतून फ्लॅट घेणं यांतलं काही वर्षाच्या आत नको. रक्कम तोवर मुदत ठेवीत राहू द्या. आईला शहरात न्यायचं असेल तर चातुर्मासापुरतं न्या, गावच्या घराची किल्ली तिच्याच जवळ राहू द्या आणि परतीचं तिकीट आधीच काढा.

सणाच्या दिवशीच रडू येतं, बाकी दिवस ठीक असतात. यात काही बिघाड आहे का?

नाही. सणाची तयारी करताना त्या माणसाची जागा हाताला लागते, म्हणून ते त्या दिवशी उसळतं. लहान मुलांपुढे डोळे पुसून ‘काही नाही’ म्हणू नका. ‘आजोबांची आठवण आली’ एवढं सांगा, ती सहज घेतात.

सहा महिन्यांहून अधिक काळ झोप, जेवण, कामधंदा सावरतच नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. आत्महत्येचा विषय निघाला तर सहा महिने थांबू नका, त्याच दिवशी. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.